पार ते महाड : जुन्या दगडी पुलांविषयीच्या एका वाक्याची समीक्षा

आजच्या व्याख्यानासाठी आमच्यासमोर पुस्तक नाही, नाटक नाही, चित्रही नाही. आज आम्ही एका वाक्याची समीक्षा करणार आहोत. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, बहुतेकांनी कधी ना कधी पुढे पाठवलंय. एखाद्या जुन्या दगडी पुलाचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं : साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पूल बघा, अजून खणखणीत उभा आहे, आणि आजचे पूल पहिल्या पावसात वाहून जातात.

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा कुठल्या फोटोखाली दिसतं? प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाजवळ कोयनेवर जो दगडी पूल आहे, त्याच्या. म्हणून सुरुवात तिथूनच करू. तुमच्यापैकी बरेच जण तो बघून आले असतील. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे निघालं की वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. त्याच परिसरातून खाली पारला जायचं. गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे. गावाचं नाव इतिहासात अफजलखानाच्या प्रकरणामुळे आलेलं. 10 नोव्हेंबर 1659 च्या भेटीआधी खानाच्या फौजेचा तळ याच भागात होता. प्रतापगडाची बांधणी 1656 ते 1658 ची, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखालची. स्थानिक परंपरा पुलाला शिवकालीन म्हणते. गड, बाजारपेठ आणि घाटवाट एवढ्या जवळजवळ असताना इथे पक्का पूल हवासा वाटणं अगदी साहजिक होतं.

आता तुम्ही म्हणाल, व्याख्यान रायगडच्या किनारपट्टीवर आहे आणि तुम्ही आम्हाला सातारा जिल्ह्यात कुठे घेऊन चाललात? तर पारचा पूल हा किनाऱ्याच्याच रस्त्यावरचा पूल आहे. पार घाट उतरला की पोलादपूर, तिथून महाड, आणि महाडपासून सावित्रीच्या खाडीने थेट बाणकोट, हरिहरेश्वर, समुद्र. वाईचा माल महाडच्या बंदराला आणि बंदराचा माल वाईला, ही ती वाट. आणि नद्यांचं नातं बघा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांची नावं घेतात त्यांत कोयनाही आहे आणि सावित्रीही आहे. एकाच डोंगराच्या लेकी. कोयना दऱ्याखोऱ्यांतून दक्षिणेला जाऊन मग कऱ्हाडला कृष्णेत मिळते, सावित्री मात्र सरळ कडा उतरून पश्चिमेला. एकीवर पारचा पूल उभा आहे. दुसरीवर महाडजवळ आणखी एक दगडी पूल होता. तोही कमानींचा होता. त्याच्याबद्दल बोलायचंच आहे, पण जरा थांबून.

आधी एक साधा प्रश्न. जे पारला जाऊन आलेत त्यांनी मनातल्या मनात उत्तर द्यावं. पुलाला कमानी किती आहेत?

आम्ही हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आहे. पुलावर उभं राहून फोटो काढलेल्या, वर्षं पाठ असलेल्या, रील केलेल्या माणसांना. बहुतेकांना सांगता येत नाही. आकडा आम्हीही सांगणार नाही, पुन्हा जाल तेव्हा मोजा. पण आमची त्या वाक्यावरची पहिली तक्रार हीच आहे : ते बघण्याच्या जागी येऊन बसतं. ‘खणखणीत उभा आहे’ म्हटलं की कसा उभा आहे हे बघायची गरजच उरत नाही. पुलाचं कौतुक होतं आणि पूल न बघितलेलाच राहतो.

तर कसा उभा आहे ते बघू. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब दगडी पट्टी दोन टोकांवर टेकवली आणि मधे भार दिला, तर ती खालच्या अंगाने तडकते. आपल्या जुन्या देवळांतले खांब इतके जवळजवळ असतात ते याच कारणाने, वरच्या दगडी तुळईला लांब पल्ला झेपत नाही. कमानीत ही भानगडच राहत नाही. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटतात, भार बाजूबाजूने खाली उतरतो आणि प्रत्येक दगडावर फक्त दाब येतो. दगडाला जे जमतं तेवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं.

पण यात एक अडचण आहे. कमान पुरी होईपर्यंत ती कमान नसतेच. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत सगळा भार खालच्या लाकडी साच्यावर असतो. आता कोयनेचं खोरं डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरच्या आसमंतातला पाऊस. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरणार, मग पाया, मग खांब, मग साचा, मग कमान. मृग लागायच्या आत कमान मिटली नाही तर साचा पुराबरोबर जाणार आणि वर्ष फुकट. म्हणजे त्या पाथरवटांना, गवंड्यांना आणि जंगलातून लाकूड आणणाऱ्यांना सातआठ महिन्यांची मुदत होती, आणि ती मुदत वाढवून देणारं कोणी नव्हतं. पुलाकडे बघून छाती भरून यायचीच असेल तर ती या हिशेबाने यावी. ‘साडेतीनशे वर्षं’ या आकड्यात यातलं काहीच नाही.

दुसरी गोष्ट बघायची ती पुलावरून दिसतच नाही. खाली उतरून, प्रवाह येतो त्या बाजूला जावं लागतं. खांबांचा त्या बाजूचा भाग होडीच्या नाळीसारखा निमुळता आहे. सपाट खांबावर पुराचं पाणी थेट आदळतं, वाहून आलेले ओंडके अडकतात आणि पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करून खालचा तळ उकरतं. निमुळत्या खांबाने पाणी दोन बाजूंना फाकतं. आणि तळाचं म्हणाल तर घाटमाथ्याजवळच्या या नद्यांना खडक वरच असतो. खांब खडकावर बसवता आला तर पाण्याला उकरायला फारसं काही मिळत नाही. जागा निवडणाऱ्याने इथेच अर्धी लढाई जिंकलेली आहे.

आता यावरून किनाऱ्याकडे या. रायगडच्या किनाऱ्यावर मध्ययुगीन दगडी पूल का फारसे दिसत नाहीत, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कुठेतरी असं असतं की आपल्याकडे ती विद्या नव्हती. पण छत्रपती संभाजीनगरला खाम नदीवर मकाई दरवाजा, महमूद दरवाजा, बारापुल्ला दरवाजा यांना जोडलेले दगडी पूल आहेत. तेव्हा विद्येचा प्रश्न नव्हता. खाडीला पूल लागत नव्हता आणि खाडी पूल घेतही नव्हती. रुंद पात्र, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, तळाला खोल चिखल. तिथे खांब कशावर उभा करणार? आणि कशासाठी करणार? चौल, दंडा-राजपुरी, महाड, बाणकोट ही सगळी गावं पाण्यानेच जोडलेली होती. माल मचव्यातून यायचा, माणसं तरीतून पलीकडे जायची. आजही दिघी ते आगरदांडा आणि बागमांडला ते वेशवी फेरीबोट चालते, आणि त्यात चढणाऱ्या कुणाला आपण मागासलेलं काही करतोय असं वाटत नाही. घाटावर बैलांचे तांडे चालायचे, त्यांना उन्हाळ्यात नदीचा उतार पुरायचा आणि पावसाळ्यात तांडे बंद. पूल बांधला जायचा तो जिथे वाट बारमाही ठेवणं कुणाला तरी राज्यकारभारासाठी हवं होतं तिथे. पार हे तसं ठिकाण होतं.

म्हणजे जुना पूल ही अपवादाची गोष्ट होती. आणि जे अपवाद टिकले तेच आपल्याला दिसतात. पुण्याच्या लकडी पुलाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. 1761 मध्ये, पानिपतानंतर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो लाकडाचा झाला. तो काही राहिला नाही. 1840 च्या सुमारास इंग्रजांनी तिथे दगडी पूल बांधला, आणि आपण त्या दगडी पुलालाही लकडी पूलच म्हणत राहिलो. गेलेल्या पुलांचे फोटो नसतात. म्हणून ‘पूर्वीचे टिकतात, आजचे पडतात’ या तुलनेत एका बाजूला फक्त पास झालेली मुलं बसवलेली आहेत आणि दुसऱ्या बाजूला फक्त नापास झालेली. असा निकाल कुठल्या शाळेने लावला तर पालक मोर्चा काढतील.

इथवर आम्ही जे बोललो ते वाचकाच्या, प्रेक्षकाच्या आळसाबद्दल होतं. आळसाने फार नुकसान होत नाही असं म्हणता येईल. पण या वाक्याच्या पोटात आणखी एक समजूत आहे, आणि तिच्यासाठी आम्हाला महाडला जावं लागतं.

महाडजवळ राजेवाडीला सावित्रीवर दगडी कमानींचा पूल होता, 1928 चा. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, हा पूल त्याच्या पुढच्या वर्षीचा. पुढे त्यावरून मुंबई-गोवा महामार्ग गेला. शेजारी नवा पूल झाल्यावर जुना पूल मुंबईकडे येणाऱ्या वाहनांसाठी राहिला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, पुरात, तो कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. पुलाजवळच्या एका गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं की पुढे गेलेले दिवे पलीकडे निघत नाहीयेत, आणि त्याने मागची वाहनं थांबवली. नाहीतर आकडा कुठे गेला असता सांगता येत नाही. नौदल, तटरक्षक दल, पाणबुडे, क्रेनला लावलेलं मोठं लोहचुंबक, सगळं आणूनही पहिली बस सापडायला आठवड्याहून जास्त लागला. मृतदेह खाडीच्या मुखापाशी, समुद्रकिनाऱ्यावर शोधावे लागले.

पूल पडायच्या आदल्या दिवसापर्यंत या पुलाबद्दल काय बोललं जायचं? आठवून बघा. ‘इंग्रजांचं काम आहे, हलणार नाही.’ हे कोकणात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं वाक्य आहे, कुठल्या ना कुठल्या पुलाबद्दल. पारच्या वाक्याचं हे सख्खं भावंड. राजवट वेगळी, अभिमानाची जात वेगळी, पण आत समजूत एकच : जुन्या लोकांनी एकदा नीट बांधलं की ते बांधलं. पुढे आपल्याकडे काही काम नाही. या समजुतीवर आमचा आक्षेप आहे, आणि तो साहित्यिक आक्षेप नाही.

पुलावर झाडं उगवलेली होती हे पडल्यानंतरच्या बातम्यांत सगळ्यांनी वाचलं. दगडाच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं की आपल्याला ते सुंदर वाटतं, फोटोत तर फारच. मूळ मात्र चुन्याचा सांधा उघडत आत जातं, त्यामागून पाणी जातं. नदीतल्या वाळूउपशाचीही चर्चा झाली. पण सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळी होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित असल्याचा शेरा होता, असं सरकारकडूनच नंतर सांगण्यात आलं. कुणी म्हणेल, बघा, भ्रष्टाचार. आम्ही म्हणतो, जरा थांबा, कारण तपासणी प्रामाणिक असली तरी ती मे महिन्यात डोळ्यांनी केलेली असेल तर ती काय बघू शकते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

पुराचं पाणी खांबाच्या बुडाशी तळ उकरतं असं मघाशी म्हणालो. हे उकरणं पूर भरात असताना होतं. पूर ओसरू लागला, वेग कमी झाला की वरून आलेली वाळू-गाळ त्याच खड्ड्यात बसते. मे महिन्यात तुम्ही काठावर उभे राहिलात तर पात्र छान भरलेलं, सपाट दिसतं. खड्डा होता हे कळतच नाही. जी वाळू दिसते ती भुसभुशीत, पुढच्या पुरात पहिल्या तासात निघून जाणारी. म्हणजे पुलाला ज्या दुखण्याने मरण येतं ते दुखणं बघायच्या दिवसांत लपलेलं असतं. त्यासाठी पाण्याखाली उतरावं लागतं, तळाची खोली वर्षानुवर्षं मोजून लिहून ठेवावी लागते आणि मागच्या आकड्याशी ताडून बघावी लागते. शेरा आणि नोंदवही यांत हा फरक आहे.

आणखी दोन गोष्टी, कमानीच्या पुलापुरत्या. साध्या सपाट पुलाखाली पाणी चढलं तरी वाट तेवढीच रुंद राहते. कमानीखाली पाणी जसं चढेल तशी वाट अरुंद होत जाते, कारण कमान वर मिटत जाते. ज्या घटकेला नदीला सगळ्यात जास्त जागा हवी त्या घटकेला पूल ती कमी करतो, मग पाणी तुंबतं आणि रेटा वाढतो. दुसरं, ओळीने उभ्या कमानी शेजारणीला रेटून उभ्या असतात. बारीक खांब असतील आणि एक कमान गेली, तर शेजारचीला अडवणारं कोणी राहत नाही. म्हणून असे पूल पडतात तेव्हा एका कमानीवर भागत नाही.

आता पार आणि महाड शेजारी ठेवा. पारला कोयना उगमापासून फार लांब आलेली नाही, पात्र आटोपशीर आहे, तळ खडकाळ आहे. महाडला सावित्री कडा उतरून, पाणलोट गोळा करून, भरतीच्या टप्प्याजवळ आलेली आहे. आणि रहदारी? इंग्रजी अमलात आंबेनळीचा गाडीरस्ता झाला आणि पार घाटाची वर्दळ तिकडे गेली. पारच्या पुलावर उरली ती आसपासच्या गावांची ये-जा. उलट महाडच्या पुलावर, बैलगाड्या आणि तेव्हाच्या मोजक्या मोटारींच्या जमान्यात बांधलेल्या पुलावर, महामार्ग आला. 16 टनांच्या वरचे ट्रक रात्रंदिवस. एका पुलाला निवृत्ती मिळाली आणि दुसऱ्याला वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत हमाली करावी लागली. यात बांधणारा शिवकालीन होता की इंग्रज, याचा भाग किती? आहे, पण आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी.

महाडला नवा पूल झाला. 165 दिवसांत. 5 जून 2017 ला त्याचं उद्घाटन झालं आणि तो आकडा सगळीकडे झळकला. 165 दिवस ही खरोखर कामाची गोष्ट आहे, तीत कुचेष्टा करण्यासारखं काही नाही. पण गंमत बघा, आपल्याकडे पुलाबद्दल दोनच आकडे लोकांच्या तोंडी असतात : किती दिवसांत बांधला आणि किती वर्षं टिकला. मधल्या काळाचा एकही आकडा कुणाला ठाऊक नसतो. शेवटची तपासणी कधी, पाण्याखालची की वरवरची, तळ किती खचला, किती भाराला परवानगी. हा मजकूर पुलावरच्या पाटीवर कधी वाचलाय तुम्ही? पाटीवर बांधणीचं वर्ष असतं आणि उद्घाटकाचं नाव असतं.

अर्थात पाटीनेही सगळं होत नाही. 15 जून 2025, रविवार. तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले, अनेक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे तिथे लिहिलेलं होतं. तो दगडी नव्हता, मध्ययुगीन तर नव्हताच. मग इथे कशाला आणला? कारण लोक तिथे पलीकडे जायला म्हणून आलेले नव्हते. ते नदी बघायला, पुलावर उभे राहायला आले होते. पूल हे आता जाण्याचं साधन न राहता जायचं ठिकाण झालंय. पावसाळी सहलींच्या याद्यांमध्ये पारचा पूल येतो, त्याच्या शब्दांत तोच ‘खणखणीत’ असतो. त्या शब्दाने वाचणाऱ्याला एक परवाना मिळतो : कितीही जण उभे राहा, गाडी मधोमध लावा, साडेतीनशे वर्षांत काही झालं नाही, आज काय होणार? एका कौतुकाच्या वाक्याचा हा उपयोग होतो, आणि म्हणून त्याची समीक्षा करावीशी वाटली.

आणि खणखणीत असूनही पूल जातोच, त्याचंही उदाहरण रायगडच्या उंबऱ्यावर आहे. खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल 1830 चा, बोरघाटाच्या रस्त्याबरोबरचा. तो पडला नाही. त्याच्याखालून द्रुतगती मार्ग गेला, खांबांमुळे वाट अरुंद झाली, कोंडी व्हायला लागली, आणि एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा होता तेव्हा, स्फोटाने पाडला. 190 वर्षं. टिकाऊपणाचं एवढं कौतुक करणारे आपण, त्या दिवशी व्हिडिओ बघून धुरळा किती उडाला यावर बोललो. आम्ही तो पूल राखायलाच हवा होता असं म्हणत नाही, अपघात आणि कोंडी खऱ्या होत्या. पण त्याच्या दगडांचं, सांध्यांचं, कमानीच्या मापांचं काय झालं, हे विचारणारा आवाज फार क्षीण होता.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला : म्हणजे जुन्या कारागिरांना मोठं म्हणायचंच नाही का?)

म्हणायचं ना! आम्ही मघापासून तेच म्हणतोय. मृगाच्या आत कमान मिटवणं, नाळीसारखा खांब, खडक शोधून घेतलेली जागा, हे मोठेपण नाही तर काय आहे? पण ते मोठेपण कामाचं आहे, चमत्काराचं नाही. आपण ‘चुन्यात गूळ घातला होता, शिसं ओतलं होतं’ अशी गुप्त पाककृती शोधत बसतो. चुना चांगला असतो याचं साधं कारण आहे, तो जरा मऊ असतो, पुलाबरोबर थोडा हलतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर उत्साहाने सिमेंटचे दर्ज भरले की ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा फुटायला लागतात. डांबराचे थरावर थर चढवले की पुलाच्या अंगावर फुकटचं वजन चढतं आणि पाणी निघून जायच्या वाटा बुजतात. ज्याला जुन्या कारागिराबद्दल आदर आहे त्याने या दोन गोष्टींबद्दल ग्रामपंचायतीत, बांधकाम खात्यात विचारावं. तिथे आदराची खरी चाचणी लागते. फोटोखाली नाही. आणि हो, पुलाचं श्रेय देताना आपण राजाचं नाव घेतो, ते घ्यावंच, हुकूम त्याचा असतो. ज्यांनी दगड घडवला त्यांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नसतात, आणि त्यांच्या आजच्या वंशजांना, खडी फोडणाऱ्या वडारांना, आपण कारागीर म्हणून हाकही मारत नाही.

जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच दिवसांत खाली महाड बुडालं, तळियेवर दरड आली. त्या पावसानंतरही पारचा पूल उभा आहे. तेव्हाही ते वाक्य फिरलं. आम्हाला त्या वेळी वाटलं, आणि अजून वाटतं, की इतक्या पाण्यानंतर पहिला प्रश्न ‘बघा, टिकला की नाही’ हा नसून ‘खाली उतरून कोणी बघितलं का’ हा असायला हवा होता. एवढा पूर सोसलेला पूल कौतुकाला पात्र आहेच, पण तपासणीला आधी.

वेळ संपत आलाय. पारला जाणार असाल तर एप्रिल-मे मध्ये जा, पावसाळ्यात हिरवळ दिसते पण पूल दिसत नाही. गाडी अलीकडे लावा, पुलावर नको. आधी खाली उतरा, वरच्या प्रवाहाच्या बाजूने. खांबाचं बूड आणि खडक कुठे भेटतात ते बघा, तिथे पोकळी दिसते का ते बघा. कमानीच्या पोटात पांढरे ओघळ असतील तर वरून पाणी मुरतंय आणि चुना धुऊन निघतोय. सांध्यातलं रोप दिसलं तर त्याचा फोटो काढा, तारीख घाला, पण उपटू नका, मूळ आत किती गेलंय हे जाणणाऱ्याने ते काढायचं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा गेलात तर त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की तुमच्याकडे नोंदवहीचं पहिलं पान तयार होतं. आणि कमानी मोजायच्या राहिल्यात, त्या मोजा.